ओट्स घातले म्हणून ब्राउनी औषध होत नाही

गेल्या काही वर्षांत शहरांतल्या, आणि आता तालुक्याच्या गावांतल्याही, स्वयंपाकघरांत ओव्हन येऊन बसला आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी घरच्या घरी केक, पाव, ब्राउनी करून पाहिली. हात बसल्यावर काहींनी, विशेषतः गृहिणींनी, त्यातून छोटा व्यवसायही उभा केला. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र अलीकडे या घरगुती ब्राउनीला एक नवे विशेषण चिकटले आहे: 'हेल्दी'. मैद्याऐवजी ओट्सचे पीठ, साखरेऐवजी गूळ, वर अक्रोड-बदामांचा थर, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर मजकूर असा की, मुलांच्या डब्याला चालेल, मधुमेह असलेल्या आजी-आजोबांनाही चालेल. प्रश्न ब्राउनीचा नाही. प्रश्न या 'चालेल'चा आहे.

सुरुवातीलाच हे सांगायला हवे की, घरी केलेला पदार्थ बाजारच्या पदार्थापेक्षा बऱ्याच बाबतींत उजवा असतो. त्यात काय घातले, किती घातले, लोणी कोणते, अंडी ताजी होती की नाही, हे करणाऱ्याला माहीत असते. मुलांना सोबत घेऊन मोजमाप करणे, पीठ चाळणे, ओव्हनच्या काचेतून डोकावणे यात आनंदही आहे आणि शिक्षणही. वाढदिवसाला किंवा नाताळच्या सुट्टीत घरच्या ब्राउनीचा एक तुकडा खाल्ल्याने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते तिला गोड पदार्थांच्या यादीतून काढून पौष्टिक पदार्थांच्या यादीत नेऊन बसवल्यावर. कारण गोड पदार्थ माणूस बेताने खातो. पौष्टिक म्हटले की आग्रह सुरू होतो.

ब्राउनी मूळची अमेरिकेतली. १८९३ मध्ये शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी तिथल्या पामर हाउस हॉटेलात बायकांच्या जेवणाच्या डब्यांसाठी केकपेक्षा लहान, हातात धरून खाता येईल असा गोड पदार्थ तयार झाला, अशी तिची कथा सांगतात. त्यात अक्रोडही होते. म्हणजे अक्रोड घालणे ही आजची आरोग्यदायी सुधारणा नव्हे. ते पहिल्यापासून ब्राउनीत आहेत, आणि ब्राउनी पहिल्यापासून मिष्टान्नच आहे.

आता थोडा हिशेब करू. नेहमीच्या आठ इंची चौकोनी भांड्यात बसणाऱ्या ब्राउनीला साधारण ११५ ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम चॉकलेट, ९० ग्रॅम मैदा, दोन अंडी आणि ६० ग्रॅम अक्रोड लागतात. या सगळ्याच्या मिळून सुमारे ३,३०० कॅलरी होतात. सोळा तुकडे केले, तर एका तुकड्यात दोनशेच्या आसपास. याच ब्राउनीचा 'हेल्दी' अवतार घ्या: मैद्याच्या जागी तेवढेच ओट्सचे पीठ, साखरेच्या जागी तेवढाच गूळ, आणि पौष्टिकपणा वाढावा म्हणून ६० ऐवजी १०० ग्रॅम अक्रोड-बदाम. लोणी आणि चॉकलेट तेच. या भांड्याच्या कॅलरी भरतात सुमारे ३,५००. म्हणजे आरोग्याच्या नावाने केलेल्या बदलांनी तुकडा हलका न होता किंचित जडच झाला. त्यात काही चांगल्या गोष्टी वाढल्या हे खरे. पण लोणी, साखर आणि चॉकलेट यांचा त्रिकोण होता तिथेच राहिला.

ओट्सची कीर्ती खोटी नाही. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. पोटात गेल्यावर त्याचा चिकट लगदा होतो. पित्तरसातली काही आम्ले त्यात अडकून शरीराबाहेर जातात. ती भरून काढायला यकृताला कोलेस्टेरॉल खर्च करावे लागते आणि रक्तातले 'वाईट' म्हणजे एलडीएल कोलेस्टेरॉल थोडे उतरते. याच आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटांवर हृदयरोगाबाबतचा दावा छापायला परवानगी दिली. पण त्या परवानगीत एक आकडा आहे: दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन, तेही एकूण आहारात संपृक्त स्निग्ध पदार्थ कमी असताना. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन असते साधारण ४ टक्के. म्हणजे ३ ग्रॅमसाठी रोज ७५ ग्रॅम कोरडे ओट्स हवेत. आपल्या भांड्यात ओट्स होते ९० ग्रॅम आणि तुकडे सोळा. एका तुकड्यात बीटा-ग्लुकन आले पाव ग्रॅमहूनही कमी. हृदयाला अपेक्षित लाभ मिळवायचा, तर रोज तेरा तुकडे खावे लागतील. त्यांच्यासोबत २,८०० च्या वर कॅलरी आणि जवळजवळ ९५ ग्रॅम लोणीही पोटात जाईल, आणि तेच एलडीएल वाढवणारे आहे. ओट्स कोलेस्टेरॉल कमी करतात आणि ओट्सची ब्राउनी कोलेस्टेरॉल कमी करते, ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले खरे, दुसरे खोटे.

आणखी एक गोष्ट. ओट्स सबंध किंवा जाडसर चपटे असतील, तर पचायला वेळ लागतो आणि रक्तातली साखर हळू चढते. मिक्सरमध्ये त्यांचे बारीक पीठ केले की हा फायदा बराचसा उणावतो. ब्राउनी मऊ व्हावी म्हणून ओट्स बारीकच दळतात, त्यामुळे उरलेला लाभही मिक्सरच्या भांड्यातच राहतो.

गुळाची गोष्ट याहून गंभीर, कारण तिथे आपल्या भावना गुंतलेल्या आहेत. गूळ आपल्या मातीतला. पाहुण्याला गूळपाणी देण्याची आपली रीत. त्यात साखरेपेक्षा काही क्षार जास्त असतात हे बरोबर. पण गुळाचा बहुतांश भाग साखरच आहे, आणि आतड्यातून रक्तात जाताना ती गुळाची की कारखान्यातल्या दाण्यांची, हे शरीर विचारत नाही. एका तुकड्यात जेवढा गूळ येतो तेवढ्याने रक्तातले लोह वाढत नाही; रक्तातली साखर मात्र नक्की वाढते. मधाचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत मध आणि फळांचा रस यांतली साखरही मोजायच्या साखरेतच धरली आहे. ही साखर दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत आणता आली तर अधिक चांगले, असे संघटना सांगते. आपल्या हिशेबातल्या गुळाच्या ब्राउनीच्या एका लहान तुकड्यात, चॉकलेटमधली धरून, सुमारे १५ ग्रॅम साखर येते. भांड्याचे सोळाऐवजी नऊ तुकडे केले, जसे विक्रीसाठी बऱ्याचदा करतात, तर एकाच तुकड्यात दिवसाचे २५ ग्रॅम संपून वर जातात. सकाळ-संध्याकाळचा चहा अजून व्हायचाच असतो.

अंडे न घालता केलेल्या ब्राउनीत तर अनेकदा कंडेन्स्ड मिल्क असते. त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. पण ते डब्यातून दुधाच्या नावाने येत असल्याने साखरेच्या हिशेबात कोणी धरत नाही. 'वरून साखर घातलेली नाही' हे वाक्यही असेच फसवे. आपल्याकडच्या अन्नविषयक दाव्यांच्या नियमांनुसार हा दावा करायचा, तर साखर तर नकोच, पण तिची जागा घेणारा सुक्या फळांच्या लगद्यासारखा गोड घटकही नको. म्हणजे खजुराची पेस्ट घालून गोड केलेल्या ब्राउनीला ही पाटी लावता येत नाही. गूळ घातलेल्या ब्राउनीला तर नाहीच नाही.

अक्रोड-बदामांची बाजू मात्र भक्कम आहे. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या सुमारे ७,४०० लोकांवर झालेल्या 'प्रेडिमेड' या अभ्यासात भूमध्यसागरी आहारासोबत रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट खाणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. २०१३ मधला हा शोधनिबंध सहभागींच्या वाटणीतल्या त्रुटींमुळे मागे घ्यावा लागला. २०१८ मध्ये नव्याने विश्लेषण करून तो पुन्हा प्रसिद्ध झाला आणि मुख्य निष्कर्ष टिकून राहिला. पण त्या लोकांनी हा सुकामेवा भाज्या, डाळी-कडधान्ये, फळे, मासे यांच्या जोडीने खाल्ला होता, लोणी-साखरेत घोळवून नव्हे. आपल्या तुकड्यात सुकामेवा येतो सहा ग्रॅम. तो हवा असेल, तर मूठभर अक्रोड किंवा शेंगदाणे नुसते खाण्यासारखा सरळ आणि स्वस्त मार्ग दुसरा नाही.

राहिला कोको. त्यातल्या फ्लॅव्हनॉल या घटकांमुळे रक्तवाहिन्या सैल होतात, असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु अमेरिकेत २१ हजारांहून अधिक वयस्कांना रोज कोकोच्या अर्काच्या गोळ्या देऊन केलेल्या 'कॉसमॉस' या मोठ्या चाचणीत हृदयरोगाच्या एकूण घटनांत ठोस घट सिद्ध झाली नाही. तिथे तर मोजून ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल दिले होते. आपल्याकडे घरगुती बेकिंगमध्ये सर्रास वापरला जातो तो 'डार्क कंपाउंड', ज्यात कोको बटरच्या जागी वनस्पतिजन्य घट्ट स्निग्धांश असतो आणि घटकांच्या यादीत पहिले नाव बहुधा साखरेचे असते. रंग काळा आहे म्हणून ते डार्क चॉकलेट होत नाही.

हे सगळे एवढ्या बारकाईने सांगण्याचे कारण देशाच्या तब्येतीत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत रोज ऐकू येणारे वाक्य आहे: 'डॉक्टर, साखर तर बंदच केली आहे.' तरी तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा खाली येत नाही. खोदून विचारले की गुळाचा चहा, मधाचे पाणी, खजुराचे लाडू, डायजेस्टिव्ह बिस्किटे अशी यादी बाहेर येते. हे रुग्ण खोटे बोलत नसतात. त्यांना कोणीतरी 'हे चालेल' असे सांगितलेले असते. या यादीत आता ओट्सची ब्राउनी दाखल होत आहे. तिच्यात एक जादा चकवा आहे. भरपूर लोण्यामुळे ती पोटातून हळू पुढे सरकते आणि रक्तातली साखर उशिरा वर येऊ शकते. खाल्ल्यावर तासाभराने घरच्या यंत्रावर आकडा फारसा चढलेला दिसला नाही की माणूस निश्चिंत होतो आणि दुसरा तुकडा उचलतो.

लहान मुलांच्या बाबतीत धोका निराळा आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना दाढांनी नीट चावता येत नाही, आणि हसता-पळता खाताना शेंगदाण्याचा, बदामाचा तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. आपल्याकडे मुलांच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीने काढाव्या लागणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा वरच्या क्रमांकावर असतो. अचानक ठसका, मग घरघर किंवा न जाणारा खोकला असे दिसले, तर 'सर्दी असेल' म्हणून थांबू नये. लगेच रुग्णालय गाठावे. लहानग्यांसाठी ब्राउनी करायचीच असेल, तर सुकामेव्याची बारीक पूड घालावी. याचा अर्थ शेंगदाणे मुलांपासून दूर ठेवावेत असा नाही. २०१५ मध्ये लंडनमधल्या एका अभ्यासाने उलट दाखवले की, अॅलर्जीची शक्यता जास्त असलेल्या बाळांनाही वर्षाच्या आतच, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि गिळता येईल अशा मऊ स्वरूपात शेंगदाणा सुरू केला, तर पुढे त्याची अॅलर्जी होण्याचे प्रमाण बरेच घटते.

ज्यांना अॅलर्जी आहे, त्यांच्यासाठी मात्र हा जिवाचा प्रश्न असतो. ओठ-चेहरा सुजणे, अंगभर गांध्या उठणे, श्वास कोंडणे, रक्तदाब कोसळणे हे सारे काही मिनिटांत घडू शकते. अशा वेळी मांडीच्या स्नायूत वेळेवर दिलेले अॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार. अॅलर्जीच्या नेहमीच्या गोळीवर विसंबून वेळ घालवू नये. ब्राउनीत अक्रोड दिसत नसले, तरी त्याच भांड्यात, त्याच रवीने आधी अक्रोडाची ब्राउनी घोटलेली असू शकते. ओट्सचेही तसेच. ओट्समध्ये गव्हातले ग्लुटेन नसते, पण शेतात, गिरणीत, गोदामात त्यांत गहू मिसळतो. त्यामुळे सिलिअॅक विकार असलेल्या रुग्णाने ओट्सची ब्राउनी केवळ 'मैदा नाही' या शब्दावर खाणे धोक्याचे आहे.

साठवणीकडेही लक्ष हवे. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि पावसाळ्यात, शेंगदाणे आणि सुकामेवा लवकर बुरसटतो. त्या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि ओव्हनच्या उष्णतेने ते पुरते नष्ट होत नाही. बुरसट, कडवट, खवट वास येणारे दाणे भाजून 'सुधारत' नाहीत; ते फेकून द्यावेत. अक्रोड हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवावेत. आणि भांड्याला उरलेले कच्चे मिश्रण बोटाने चाटण्याची मुलांची हौस पुरवू नये. कच्च्या अंड्याप्रमाणे कच्च्या पिठातूनही जंतुसंसर्ग होऊ शकतो.

मग करावे काय? पहिले म्हणजे, ब्राउनीला ब्राउनी म्हणावे. दुसरे, पदार्थ बदलण्याआधी प्रमाण बदलावे. साखर किंवा गूळ २०० वरून १२० ग्रॅमवर आणावा, लोणी ८० वर, चॉकलेट १०० ग्रॅम घ्यावे पण खरे डार्क, जोडीला थोडी बिनगोडाची कोको पूड. एक अंडे वाढवावे. साखर पदार्थात ओलावा धरून ठेवते, त्यामुळे ती कमी केली की ब्राउनी थोडी केकसारखी, कोरडी होते. दोन चमचे दही घालून आणि पाच मिनिटे आधी बाहेर काढून ही कसर बरीचशी भरून निघते. ओट्स दळू नयेत, थोड्या कणकेसोबत सबंधच घालावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, भांड्याचे नऊ नव्हे, पंचवीस तुकडे करावेत. अशा एका तुकड्यात सुमारे ११० कॅलरी आणि सहा ग्रॅम साखर येते. मधुमेह असलेल्या माणसाने तो कधीमधी, जेवणानंतर, त्या जेवणातली पोळी किंवा भात कमी करून खाल्ला, तर आकाश कोसळत नाही. मात्र इन्सुलिन घेणाऱ्यांनी असे फेरफार आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावेत.

तंतू हवेत, तर त्यासाठी सकाळची न्याहारी आहे. ओट्सची खारी खिचडी किंवा उपमा करता येतो. ओट्सच हवेत असेही नाही. बीटा-ग्लुकन जवातही, म्हणजे सातूतही, भरपूर असते आणि तो आपल्या जुन्या आहारातला आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, मटकीची उसळ हे तंतूंचे घरचे स्रोत महाग पाकिटांच्या मागे उभे राहायला लागावेत, ही वेळ आपणच आणली आहे.

घरगुती विक्रेत्यांकडूनही काही अपेक्षा आहेत. घरून अन्न विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी बंधनकारक आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते. पाकीटबंद पदार्थांवर दूध, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे, अक्रोड-बदाम, ग्लुटेनयुक्त धान्य यांचा स्पष्ट उल्लेख हवा, असे नियम सांगतात. पुठ्ठ्याच्या खोक्यावर हाताने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी, म्हणजे काय काय घातले, एका तुकड्याचे वजन किती, साखर किंवा गूळ किती आणि कोणत्या दिवशी भाजली, एवढे तरी प्रत्येकीला सहज जमण्यासारखे आहे. अन्न व औषध प्रशासनाने दंडाचा बडगा उगारण्याआधी महिला बचत गट आणि गृहउद्योगांसाठी मराठीत छोटी प्रशिक्षणे घ्यावीत. मधुमेह्यांसाठी सुरक्षित, असा बेधडक दावा करणाऱ्यांना मात्र, ते घरातले असोत की मोठ्या कारखान्यातले, जाब विचारायलाच हवा.

पाकिटाच्या दर्शनी भागावर साखर, मीठ, चरबी यांचा ठळक इशारा छापण्याची चर्चा आपल्याकडे अनेक वर्षे रेंगाळली आहे. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, जेणेकरून नेहमीच्या खाद्य-पेयांत किती साखर असते हे मुलांना कळावे. राज्य मंडळाच्या शाळांतही असे फलक लागायला हवेत, आणि त्यांवर शीतपेयासोबत गुळाची चिक्की, मधाचे बिस्किट आणि ओट्सची ब्राउनीही असावी. साखर कोणत्या वेशात येते, हे ओळखता आले की मूल घरीही प्रश्न विचारू लागते.

गोड खाण्यात पाप नाही. सणाला पुरणपोळी खाताना आपण तिला औषध म्हणत नाही, म्हणून ती सणापुरती राहते. ब्राउनीलाही तोच न्याय लावला, तर ती आनंदाने आपल्या घरात राहू शकेल. एखादे गोड 'चालेल' का, हे विशेषणावरून नव्हे, तर त्यातल्या साखर-लोण्याच्या ग्रॅमवरून आणि खाणाऱ्याच्या प्रकृतीवरून ठरवायचे, एवढी सवय घराघरांत लागली तरी रुग्णालयांतल्या रांगा थोड्या आखूड होतील.